सॉफ्टबॉलची बॅटिंग आणि सरावाचे ड्रिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजचे खेळाडू, त्यांचे पालक आणि क्रीडाशिक्षक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. सगळं फास्ट पिच सॉफ्टबॉलबद्दल आहे, म्हणजे ज्यात चेंडू वेगाने येतो. स्लो पिचपुरतं वेगळं काय ते प्रश्न 22 मध्ये. वर्णनं उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्यांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी बाजू उलटी करून वाचावी. पुढचा पाय म्हणजे पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) बाजूचा पाय.

1. मी आजवर क्रिकेटच खेळलोय. सॉफ्टबॉलच्या बॅटिंगमध्ये नेमकं काय वेगळं करायचं?

आधी टप्प्याची सवय सोडा. इथे चेंडू टप्पा न पडता येतो, म्हणजे क्रिकेटच्या भाषेत सगळे फुलटॉसच. फुलटॉस म्हणजे फुकटचा चौकार असं समजून आलेली मुलं सुरुवातीला नुसती हवा कापतात. कारण साधं आहे: क्रिकेटची खेळपट्टी 20.12 मीटरची, तर महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर उभी असते 13.11 मीटरवर आणि पुरुषांच्या 14.02 मीटरवर. चेंडू सुटतो तोही मांडीजवळून, खालून.

दुसरं, सरळ बॅट विसरा. कोपर उंच ठेवून बॅट वरून खाली आणायची सवय इथे नडते. बॅट खांद्याजवळून निघून आडवी फिरते आणि जोर हातातून नाही, मागच्या पायातून आणि कमरेतून येतो. तिसरं, मागचे फटके. ग्लान्स, लेट कट इथे फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू. खेळायला समोरचा नव्वद अंशांचा कोन आहे, तेवढाच.

क्रिकेटमधून कामाला येते ती नजर. ती आधीच तयार असल्याने क्रिकेटची मुलं पहिल्या महिन्यात चाचपडतात आणि नंतर इतरांपेक्षा झपाट्याने पुढे जातात.

2. बॅट किती लांब आणि किती जड घ्यावी? दुकानदार म्हणतो जड घ्या, चेंडू लांब जातो.

दुकानदाराचं ऐकू नका. नियमाने बॅट 34 इंचांपेक्षा लांब चालत नाही, पण शाळेतल्या बहुतेक मुलींना 30 ते 32 इंच पुरते. चाचणी सोपी आहे: खालच्या हाताने मूठ धरा, हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ धरा आणि वीस-पंचवीस सेकंद थांबा. टोक खाली झुकलं किंवा हात थरथरला तर ती बॅट तुमच्यासाठी जड आहे.

बॅटवर -10 किंवा -11 असा आकडा असतो. तो लांबी इंचांत आणि वजन औंसांत यांच्यातला फरक. 32 इंचांची -10 बॅट म्हणजे 22 औंस, साधारण 620 ग्रॅम. शाळेच्या किटमध्ये एकच जड बॅट असेल तर मुठीपासून दोन इंच वर धरा. त्यात काही कमीपणा नाही.

3. बॅट धरताना "नकल्स जुळवा" असं सर सांगतात. मला ते अवघडल्यासारखं होतं. करायलाच हवं का?

दार ठोठावताना बोटांचे जे सांधे लागतात, ते दोन्ही हातांचे एका रेषेत आले की मनगटं मोकळी राहतात, यासाठी ही सूचना. ती दिशा म्हणून योग्य आहे, पण अगदी काटेकोर रेष हवीच असं नाही. वरचा हात थोडा आत वळलेला चालतो. खरी चूक वेगळी असते: बॅट तळहातात खोल रुतवून आवळून धरणं. बॅट बोटांच्या मुळाशी ठेवा आणि एवढीच सैल धरा की मागून कोणी ओढली तर सरकेल. चेंडू लागण्याच्या क्षणी मूठ आपोआप घट्ट होते, ती मुद्दाम करावी लागत नाही.

अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात फोड येत असतील तर बॅट तळहातात रुततेय असं समजा.

4. सरावाला सुरुवात कुठून करू? टी म्हणजे लहान मुलांचं काम वाटतं.

टीपासूनच, म्हणजे ज्याच्या टोकावर चेंडू ठेवून मारतात त्या उभ्या दांड्यापासून. ऑलिम्पिक खेळलेल्या हिटरही सराव टीवरून सुरू करतात. टीवर चेंडू हलत नाही, त्यामुळे फटका चुकला तर दोष पिचरला देता येत नाही. मात्र टी एकच गोष्ट शिकवते: बॅटचा मार्ग. वेळ साधणं ती शिकवत नाही आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते (प्रश्न 9). टी, मग बाजूने सॉफ्ट टॉस (जवळून अलगद टाकलेला चेंडू), मग समोरून टॉस (फ्रंट टॉस), मग खरी पिचर, असा क्रम ठेवा. आठवडाभर टीवरच काढून थेट सामन्यात उतरू नका.

5. टी विकत घेणं शाळेला परवडत नाही. घरी करता येईल का?

येईल, आणि बाजारातल्या स्वस्त टीपेक्षा टिकाऊ होईल. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घ्या, मधोमध पीव्हीसी पाइप उभा धरून डबा सिमेंट-खडीने भरा आणि दोन-तीन दिवस पाणी मारा. त्या पाइपमध्ये बसेल असा थोडा बारीक पाइप घालून खिळ्यासाठी वेगवेगळ्या उंचीवर भोकं पाडली की टी गुडघ्यापासून छातीपर्यंत वरखाली होते. शेवटची वीतभर मात्र रबरच हवं. गॅरेजमध्ये गाडीच्या रेडिएटरचा जुना होज मागा, कोणीही फुकट देतं. त्याच्या तोंडावर चेंडू बरोबर बसतो आणि बॅट खाली लागली तरी खरचटत नाही.

चेंडू अडवायला क्रिकेटची जाळी नसेल तर दोरीवर जाड सतरंजी टाका आणि खालची बाजू सुटी ठेवा. सुटी असली की चेंडू आदळून तिथेच खाली पडतो. चारही कोपरे ताणून बांधले तर तोच चेंडू तुमच्या नडगीवर परत येतो. आणि तारेच्या कुंपणावर चेंडू मारू नका. चेंडूची शिवण आठवड्यात उसवते.

6. टी नेमकी कुठे ठेवायची? मी प्लेटच्या (बॅटरच्या पुढ्यातल्या जमिनीवरच्या पांढऱ्या पाटीच्या) मधोमध ठेवतो.

सगळ्यात जास्त वाया जाणारा सराव इथेच होतो, म्हणून हे उत्तर लांब आहे.

टी पोटासमोर ठेवून मुलं शेकडो फटके मारतात आणि मग सामन्यात प्रत्येक चेंडूला उशीर होतो. कारण मधल्या चेंडूला बॅट भेटायला हवी ती पोटासमोर नव्हे, पुढच्या पायाच्या रेषेत किंवा किंचित पुढे. म्हणजे टीची जागा तुमच्या उभं राहण्यावरून ठरते, प्लेटवरून नाही. आधी उभे राहा, स्ट्राइड घ्या (पुढचा पाय पिचरकडे टाका), पाय जिथे टेकला तिथे खडूने रेघ मारा आणि मग टी लावा.

आतल्या चेंडूसाठी, म्हणजे अंगाजवळच्या, टी त्या रेघेच्या वीतभर पुढे. तो चेंडू आधी गाठावा लागतो, नाहीतर बॅटच्या मुठीजवळ लागून हात झिणझिणतात. बाहेरच्या चेंडूसाठी टी रेघेच्या मागे, पुढच्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर. त्याला जास्त वेळ येऊ द्यायचा असतो आणि तो जातो उजवीकडे, फर्स्ट बेसच्या (धावताना गाठायच्या पहिल्या थांब्याच्या) बाजूला.

फटका बरोबर लागला की नाही हे जाळीवरून कळतं. आतला चेंडू जाळीच्या डाव्या भागात, मधला समोर, बाहेरचा उजव्या भागात लागला पाहिजे. तिन्ही चेंडू जाळीच्या डाव्या कोपऱ्यात जात असतील तर तुम्ही बाहेरचा चेंडूही ओढून मारताय. शाळेच्या सामन्यात शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या फील्डरकडे) जाणाऱ्या सोप्या ग्राउंडरमागे (जमिनीवरून जाणाऱ्या चेंडूमागे) बहुधा हेच असतं.

बॅटवरची खूण पाहायची असेल तर चेंडूला खडू फासा. डाग टोकापासून साधारण पाच-सहा इंचांवर हवा. तो मुठीकडे सरकलेला दिसला तर प्लेटपासून अर्धं पाऊल मागे जा. टोकाला दिसला तर जवळ या.

7. रोज किती स्विंग मारावेत? आमच्या सरांनी 200 सांगितलेत.

थकलेल्या हातांनी मारलेले शेवटचे शंभर स्विंग शरीराला थकलेलाच स्विंग शिकवतात. शाळकरी खेळाडूला साठ ते ऐंशी पुरेत, पण आठ-आठ किंवा दहा-दहाच्या फेऱ्यांत, मध्ये मिनिटभर थांबून आणि प्रत्येक फेरीला एकच काम ठरवून. ही फेरी बाहेरच्या चेंडूची, पुढची खालच्या चेंडूची. काम ठरलेलं नसेल तर फेरी सुरूच करू नका. आकडा पूर्ण करायच्या नादात मुलं चेंडू ठेवला की मार, ठेवला की मार असं करतात. दोन स्विंगच्या मध्ये पाय पुन्हा जागेवर आणणंसुद्धा राहून जातं.

8. सॉफ्ट टॉस टाकणाऱ्याने कुठे बसायचं? आई टाकू शकेल का?

आई, बाबा, धाकटा भाऊ, कोणीही टाकू शकतं. टाकणाऱ्याने हिटरच्या समोर तिरकं, पुढच्या पायाच्या बाजूला दोन-अडीच मीटरवर गुडघ्यावर बसायचं. चेंडू हिटरच्या पुढच्या मांडीसमोर, कमरेएवढ्या उंचीवर येईल असा अलगद टाकायचा. सरळ समोर, चेंडू जिकडे जाणार त्या रेषेत बसू नये. हेल्मेट असेल तर टाकणाऱ्यालाही द्या. पहिले पंधरा-वीस टॉस पेपरच्या गोळ्यांनी करा: रद्दीचे गोळे, वरून चिकटपट्टी.

टॉसची लय मात्र सारखी हवी. हात आधी थोडा खाली न्या, मग टाका. खाली गेलेला हात दिसला की हिटरने वजन मागे घ्यायचं. हा इशारा न देता अचानक टाकलेल्या टॉसवर हिटर फक्त हाताने झटका मारायला शिकते.

9. टीवर आणि टॉसवर चेंडू मस्त लागतो, पण पिचर आली की हुकतो. असं का?

कारण आतापर्यंत वेळ कोणीतरी तुमच्यासाठी साधून देत होतं.

हिशेब पाहा. ताशी 80 किलोमीटरने आलेला चेंडू सेकंदाला 22 मीटर जातो. पिचर पाऊल टाकून पुढे येते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर उरतं साधारण साडेअकरा मीटर. म्हणजे चेंडू सुटल्यापासून तुमच्याकडे जेमतेम अर्धा सेकंद आहे. त्यातला सेकंदाचा सहावा-पाचवा भाग बॅट फिरायलाच जातो. उरलेल्या वेळात चेंडू ओळखायचा आणि मारायचा की सोडायचा ते ठरवायचं.

म्हणून तयारी चेंडू सुटल्यावर करून चालत नाही. पिचरचा हात वरून मागे जाऊ लागला की वजन मागच्या पायावर. चेंडू सुटताना पुढचा पाय अलगद टेकलेला, हात मात्र अजून मागेच. पाय टेकणं आणि बॅट निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकदम केल्या तर हळू चेंडूवर तुम्ही आधीच संपलेले असता (प्रश्न 16).

यासाठी ड्रिल: पिचर गोलंदाजीचा सराव करत असताना हेल्मेट घालून बॅटर बॉक्समध्ये (बॅटरने उभं राहायच्या आखलेल्या चौकटीत) उभे राहा, दर चेंडूला वजन मागे, पाय टेक, आणि तिथेच थांबा. स्विंग नाही. वीस चेंडूंत पायाची लय पिचरच्या हाताशी जुळली की मग फटके. पिचरलाही समोर बॅटर हवीच असते, दोघींचं काम होतं.

10. "चेंडूवर नजर ठेव" हे सगळेच सांगतात. ती ठेवायची कशी?

बॅटर बॉक्समध्ये उभं राहिल्यावर आधी नजर पिचरच्या छातीवर सैल ठेवा आणि हात खाली येऊ लागला की तिच्या मांडीजवळच्या, जिथून चेंडू सुटणार त्या जागेवर न्या. पूर्ण वेळ एकाच बिंदूकडे टक लावली तर डोळे थकतात.

2004 मध्ये अमेरिकेची पिचर जेनी फिंच हिने अल्बर्ट पुहोल्स आणि माइक पियाझा या बेसबॉलमधल्या दिग्गजांना एका प्रदर्शनीय सामन्यात स्ट्राइकआउट केलं होतं, म्हणजे तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या योग्य चेंडूंवर) बाद केलं होतं. ताकद आणि नजर त्यांच्याकडे होतीच. आयुष्यभर वरून सुटणारा चेंडू पाहिलेल्या डोळ्यांना खालून सुटणारा ओळखीचा नव्हता.

ड्रिल: चार-पाच चेंडूंवर लाल, निळे, हिरवे ठसठशीत ठिपके रंगवा. टाकणाऱ्याने कोणताही टाकावा, हिटरने स्विंग न करता रंग ओरडून सांगावा. जमलं की दुसरा टप्पा: लाल असेल तरच मारायचं. हे ड्रिल मुलांना खेळ वाटतं, पण वाईट चेंडू सोडायची सवय याच्याइतकी दुसऱ्या कशाने लागत नाही.

11. आमच्या अकादमीत पिचिंग मशीन आहे. रोज मशीनवर सराव केला तर पुरेल?

नाही. मशीनला हात नसतो, आणि प्रश्न 9 मधली सगळी लय हातावर अवलंबून आहे. मशीन वेगाची भीती घालवायला उत्तम. आठवड्यातून एकदा ठीक. रोजच्यासाठी फ्रंट टॉस चांगला. टाकणारा जाळीच्या आडोशाला, सहा मीटरवरून, खालून, थोडा जोरात. ताशी 45 किलोमीटरने टाकला तरी चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो, म्हणजे सामन्याएवढाच वेळ मिळतो. मशीन चालवणाऱ्याने चेंडू घालण्याआधी तो वर दाखवून हात गोल फिरवला तर मशीनही थोडी माणसाळते.

12. माझे चेंडू एकतर हवेत उडतात नाहीतर जमिनीवर घरंगळतात. स्विंगमध्ये नेमकं काय चुकतंय?

चेंडू सरळ वर उडत असतील तर मागचा खांदा खाली पडतोय. टी छातीएवढी उंच करा आणि चेंडू समोर सरळ रेषेत मारायचा प्रयत्न करा. खांदा पडला तर बॅट टीच्या रबरालाच लागते, कोणी सांगावं लागत नाही.

सारखे घरंगळणारे ग्राउंडर डावीकडे जात असतील तर बहुधा हात अंगापासून दूर फाकून बॅट लांबून फिरतेय. भिंतीकडे किंवा जाळीकडे तोंड करून उभे राहा, बॅटचं बूड बेंबीला टेकवा आणि टोक भिंतीला लागेल एवढं अंतर ठेवा. आता सावकाश स्विंग करा. हात फाकले तर बॅट भिंतीला घासेल. यासाठी जुनीच बॅट घ्या.

आणि चेंडूवर वरून "खाली चॉप मारा" हा जुना सल्ला सोडून द्या. कमरेएवढा येणारा चेंडू प्लेटपाशी किंचित उतरत असतो. बॅट त्याच्या रेषेत मागून आली, तर वेळ थोडी चुकली तरी लागतो. वरून खाली आली तर दोघांची भेट एकाच बिंदूवर होते.

13. जड बॅट, बॅटला लावायची डोनट रिंग, जुना टायर: याने ताकद वाढते का?

डोनट काढल्यावर बॅट हलकी वाटते, वेगवान होतेच असं नाही; फटक्याची वेळ मात्र बिघडू शकते. आपल्या पाळीआधी स्वतःचीच बॅट दोन-चारदा फिरवा. टायर ठीक आहे: स्कूटरचा टायर झाडाला कमरेएवढा टांगा आणि चेंडू भेटण्याच्या जागी मनगटं ढिली पडत नाहीत ना ते पाहा. दहा-पंधरा फटके, बस. कॉम्पोझिट (फायबरच्या) बॅटने टायर मारू नका, तडा जातो. मशीनचे खळग्यांचे कडक चेंडूही त्या बॅटसाठी नकोत. खरी ताकद हवी तर स्क्वॉट, लंजेस आणि जड चेंडू कमरेतून भिंतीवर फेकणं.

14. पावसाळ्यात मैदान बंद असतं, आणि शालेय स्पर्धा तेव्हाच सुरू होतात. घरात काय करू?

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडचा कायमचा तिढा. घरात तीन गोष्टी होतात. आरशासमोर संथ स्विंग: पाय टेक, थांब, कंबर, मग हात. गच्चीच्या जिन्यात किंवा पार्किंगमध्ये टेबल टेनिसचे चेंडू आणि मॉपचा दांडा: बारीक दांड्याने छोटा चेंडू लागायला लागला की 30 सेंटिमीटर परिघाचा सॉफ्टबॉल मोठा वाटतो. तिसरं, जुन्या मोज्यात चेंडू घालून छताच्या हुकाला दोरीने टांगायचा. वरच्या मजल्याच्या काकूंना आधी सांगून ठेवा.

टेनिस बॉल चालतो, पण नजरेसाठी. तो खूप हलका आहे, त्यामुळे फटका जमला की नाही हे हाताला कळत नाही.

15. मी क्रीडाशिक्षक आहे. 24 मुली, तीन बॅट, एक तास. कसं बसवू?

एक मुलगी बॅटिंग करते आणि तेवीस उन्हात उभ्या राहतात, हे चित्र मोडायचं असेल तर सहा-सहाचे चार गट करा, बारा मिनिटांनी जागा बदला. एक गट टीवर, दुसरा सॉफ्ट टॉसवर, तिसरा फ्रंट टॉसवर. या तिघांना एकेक बॅट. चौथ्या गटाला बॅटच नको: प्रश्न 10 मधला रंगांचा ड्रिल. फ्रंट टॉसचा गट स्वतःच फील्डिंगही करतो.

एक नियम कडक ठेवा: बॅट फक्त हिटरच्या हातात, आणि तिच्याभोवती चुन्याचं वर्तुळ. रांगेत उभं राहून बॅट फिरवणारी मुलगी हा सॉफ्टबॉलच्या मैदानावरचा सगळ्यात मोठा धोका आहे.

16. चेंज-अपवर मी नेहमी फसते. आधीच स्विंग होऊन जातो.

चेंज-अप म्हणजे तसाच हात फिरवून टाकलेला हळू चेंडू. 80 ऐवजी 65 किलोमीटरने आलेला चेंडू सेकंदाच्या आठव्या भागाएवढा उशिरा पोचतो. एवढ्याने संपूर्ण स्विंग वाया जातो. उपाय वाट पाहण्याचा नाही, वजन मागे राखण्याचा आहे. पाय वेळेवर टेकवा, पण छाती आणि हात मागेच ठेवा. त्यातूनही आधीच निघालात तर निदान हात मागे राहू द्या, फाउल तरी होतो.

ड्रिल: फ्रंट टॉस टाकणाऱ्याने कधीकधी हात तसाच फिरवून चेंडू सोडूच नये. हिटरने पाय टेकून थांबायचं. तोल पुढे गेला, म्हणजे टाचा उचलल्या गेल्या, तर एक गुण वजा.

17. राइज बॉल मारायचा कसा?

शक्यतो मारायचा नाही. तो सुटतानाच वरच्या दिशेने निघतो आणि उलट्या फिरकीमुळे जेवढा खाली येईल असं वाटतं तेवढा येत नाही. बॅट त्याच्या खालून जाते. चांगले राइज बॉल बरेचदा स्ट्राइक झोनच्या (प्लेटवरच्या, योग्य चेंडूच्या हद्दीच्या) वरच संपतात, म्हणून कमरेच्या वर दिसतोय असं वाटलं की सोडायची सवय लावा. मारायचाच असेल तर नजर चेंडूच्या वरच्या अर्ध्यावर. उंच टीवरचा सराव (प्रश्न 12) इथे कामी येतो.

18. बंट शिकायची गरज आहे का? आमच्या टीममध्ये सगळ्यांना होमरनच मारायचाय.

बंट म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ पाडणं. 18.29 मीटरच्या अंतरावरच्या बेसवर एक धाव काढायला बंटएवढं स्वस्त साधन नाही. शाळेच्या सामन्यात तर चांगला बंट म्हणजे निम्म्या वेळा थ्रोची चूक. ड्रिल: प्लेटपासून तीन-साडेतीन मीटरवर, दोन्ही फाउल रेषांच्या आत एकेक चादर पसरा. दहातले सहा चेंडू चादरीवर थांबले पाहिजेत. बॅट झोनच्या वरच्या उंचीला धरून सुरू करा आणि खालच्या चेंडूसाठी गुडघे वाकवा, बॅटचं टोक खाली पाडू नका. त्याच्या वर आलेला चेंडू आपोआप सोडायचा. वरच्या हाताची बोटं बॅटच्या मागे लपलेली हवीत.

19. मी उजव्या हाताची, पण वेगवान आहे. सर म्हणतात डावीकडून स्लॅप शिक. शिकू का?

वेग खरोखर असेल तर जरूर. डावीकडून फर्स्ट बेस दोन पावलं जवळ पडतो आणि स्लॅपमध्ये, म्हणजे पळता पळता मारलेल्या छोट्या फटक्यात, तुम्ही चेंडू लागतानाच पळत असता. क्रिकेटमध्ये उजव्या हाताने फेकणाऱ्या कित्येक मुली डावीकडून बॅटिंग करतात, त्यांना हे पटकन जमतं.

आधी पाय शिका, बॅट नंतर. मागचा पाय पुढच्यावरून ओलांडून पिचरच्या दिशेने, फर्स्ट बेसच्या दिशेने नव्हे. हात मागे. चेंडू टीवर मांडीसमोर, खोल ठेवून शॉर्टस्टॉपकडे टोला.

इथला अपवाद नीट लक्षात ठेवा: चेंडू लागताना पाय पूर्णपणे बॉक्सच्या बाहेर जमिनीवर असेल, किंवा प्लेटला टेकलेला असेल, तर तुम्ही आउट. पाय हवेत असेल किंवा रेषेला शिवत असेल तर चालतं. म्हणून स्लॅपचा सराव चुन्याने आखलेल्या बॉक्सशिवाय करूच नका.

20. दोन स्ट्राइक झाल्यावर काय बदलायचं?

बॅट इंचभर वर धरा, स्ट्राइड अगदी लहान करा, प्लेटच्या थोडं जवळ या. झोनच्या काठावरचा चेंडूही आता खेळायचा. फाउल कितीही झाले तरी आउट नाही. ड्रिल म्हणून प्रत्येक हिटरला दोन स्ट्राइकपासूनच सुरुवात द्या आणि पाळी किती चेंडू टिकते ते मोजा.

इथे दोन गोष्टी उलट्या आहेत. दोन स्ट्राइकनंतर बंट केलेला चेंडू फाउल गेला तर आउट. आणि तिसरा स्ट्राइक कॅचरने नीट पकडला नाही, तर फर्स्ट बेस रिकामा असताना, किंवा दोन आउट झालेले असताना केव्हाही, तुम्ही पळू शकता. शाळेच्या सामन्यात मुली मान खाली घालून डगआउटकडे चालू लागतात आणि चेंडू मागे कुंपणापाशी पडलेला असतो. हेही सरावात घ्या: हुकल्यावर मागे पाहायचं.

21. सलग चार सामने एकही हिट नाही. स्विंग बदलू का?

आधी आउट कसे झालात ते लिहून काढा. जोरदार चेंडू थेट फील्डरच्या हातात जात असतील तर काहीच बदलू नका. हुकत असाल तर वेळ तपासा (प्रश्न 9), मऊ फटके लागत असतील तर टीची जागा (प्रश्न 6). वाईट चेंडूंवर स्विंग होत असेल तर रंगांचा ड्रिल. स्पर्धेच्या मध्येच ग्रिप किंवा स्टान्स बदलणारा खेळाडू पुढचे चार सामनेही घालवतो. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी टीवर वीस सोपे फटके मारून बॅट ठेवून द्या.

22. कंपनीच्या स्पर्धेत स्लो पिच खेळतो. हेच ड्रिल चालतील?

टीचे आणि बॅटच्या मार्गाचे सगळे चालतील. वेळेचे नाही. तिथे चेंडू कमान करून वरून येतो, त्यामुळे अडचण उशीर होण्याची नसून घाई होण्याची असते. फ्रंट टॉस उंच टाकून घ्या आणि चेंडू खाली उतरायला लागेपर्यंत पाय टेकवू नका. बंटचा सराव वगळा. स्लो पिचमध्ये बंट चालत नाही. दोन स्ट्राइकनंतरच्या फाउलचा नियमही तिथे वेगळा असू शकतो, तो सामन्याआधी अंपायरला विचारून घ्या.